ठिपक्यांचं पॅकेज

३ फेब्रुवारी, मंगळवार

काढून टाकणार म्हणे! ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवाल्याने इतक्या सहज सांगितलं, जणू खिडकीचा पडदा बदलायचाय. एक एप्रिलला सगळी मशीनं नव्या लिनक्सवर जाणार, आणि नव्या लिनक्सच्या भांडारात, जिथून प्रोग्रॅम मागवतात तिथे, ब्रेल छापणारा आपला प्रोग्रॅम नसणार. का? तर त्याला सांभाळणारं कुणी उरलं नाही, नव्या कंपायलरवर, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या अवजारावर, तो बांधलाच जात नाही, म्हणून यादीतून बाहेर. मी म्हटलं, एका मशीनवर जुनंच राहू द्या. नाही. मग बाहेरून आणून घाला. तेही नाही. भांडारात असेल तेच घालायचं, असा वरच्यांचा नियम आहे.

ब्रेलचं छपाई मशीन कोपऱ्यात गप्प बसलं होतं. चालू असलं की सगळी खोली ठोकून काढतं ते, पण त्याच ठोक्यांतून कागदावर ठिपके उठतात आणि ताईला वाचायला मिळतं. ताई माझ्या डाव्या हाताला उभी होती. तिने किती ऐकलं ते कळेना, कारण तो माणूस तिच्या उजवीकडून बोलत होता आणि तिचा उजवा कान दिवाळं काढून बसलाय. घरी आल्यावर जिन्यात थांबली आणि म्हणाली, सगळं ऐकलं मी. डाव्याने.

४ फेब्रुवारी

चार पँटी छोट्या केल्या. एक जरा जास्तच छोटी झाली.

७ फेब्रुवारी, शनिवार

डोक्यात गुंता झालाय. लिहून काढते, म्हणजे सुटेल.

ताई नऊ वर्षांची असताना तापात तिचे डोळे गेले. मी तेव्हा पाळण्यात. मोठेपणी तिने तीस वर्षं इस्पितळात टेलिफोनच्या बोर्डवर काम केलं आणि तिथेच कॉम्प्युटर शिकली. काळ्या पडद्यावर कमांड लिहायची, एंटर मारायचं, मशीनने उत्तर वाचून दाखवायचं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती अक्षरं. ताई म्हणते, माझ्यासाठीच केलंय हे, डोळेवाले उगाच मध्ये आले. मी शिवणकाम करणारी बाई, मला टर्मिनल म्हणजे काय ते तिनेच शिकवलं. संध्याकाळी गिऱ्हाइकं संपली की तिच्या शेजारी बसायचं आणि ती सांगेल ते टाइप करायचं. एवढी वर्षं तो आमचा खेळच होता.

जानेवारीत कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की डावाही जाणार. वर्ष काढेल, कदाचित नाही. मशीन बोललं तरी ऐकणार कोण? मग उरतात बोटं. आणि बोटांना हवेत ठिपके. ठिपके उठवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी मिळते, पण किंमत अशी की तिचं नाव आम्ही घरात काढत नाही. म्हणजे ते ग्रंथालयातलं धूड आणि त्याचा तो लहानसा प्रोग्रॅम. तो गेला की ताईचं जग बंद.

आज चहा घेताना ताई म्हणाली, "आपणच बांधू ते पॅकेज. कपडे बेततेस ना? मग हेही बेत."

मी हसले. तिने माझं हसू थांबायची वाट पाहिली आणि मग पुन्हा तेच म्हणाली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पहिला धडा. लिहून ठेवते, नाहीतर उद्या विसरेन.

कुणीतरी प्रोग्रॅम लिहितं, तो झाला नुसता कपडा. तो कुणाच्याही मशीनवर नीट बसावा म्हणून त्याच्यासोबत एक फोल्डर असतं: काय नाव, कुठला आकडा, कुणाकुणावाचून याचं अडतं, कुठली फाईल कुठे ठेवायची, हक्क कुणाचे, कुठल्या दिवशी कुणी काय बदललं. ते फोल्डर जाग्यावर असलं की एक कमांड द्यायची, आणि दुसऱ्या टोकाने घडी घातलेलं, चिठ्ठी लावलेलं पॅकेज बाहेर येतं. ते भांडारात ठेवलं की जगात कुणीही एका ओळीत मागवून घेऊ शकतं. फुकट. आणि हे सगळं करणारे लोक फावल्या वेळात करतात, हे ऐकून मी थक्कच झाले.

ज्यांना कुणी वाली नाही अशा पॅकेजेसची एक यादी आहे. तिला अनाथांची यादी म्हणतात, खरंच! आपलं त्यात दोन वर्षांपासून आहे. जुन्या सांभाळणाऱ्याने शेवटी एवढंच लिहिलंय की आता मला वेळ होत नाही, याला चांगलं घर मिळो.

दत्तक घेण्याचं पत्र ताईने सांगितलं, मी टाइप केलं. एंटर दाबलं. दुपारचं ऊन कापडाच्या ढिगावर पडलं होतं, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, आणि या एवढ्याशा खोलीत मी एका अनाथाची आई झाले.

११ फेब्रुवारी

पहाटे स्वप्न पडलं. लांबच लांब फडताळं, त्यांवर हजारो पुडकी. प्रत्येकाला दोरा बांधलेला आणि प्रत्येक दोरा दुसऱ्या कुठल्यातरी पुडक्याला. मी एक ओढलं तर दूरवर काहीतरी हललं. जाग आल्यावरही बराच वेळ दोऱ्याचं टोक बोटात असल्यासारखं वाटत होतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बांधलं गेलं!!

चार दिवस एररवर एरर. नवा कंपायलर जुन्या कोडला नाकं मुरडतो, पूर्वी चालायचं ते आता खपवून घेत नाही. एक ओळ दुरुस्त केली की पुढच्या ओळीवर अडायचं. ताईचं मशीन एरर वाचून दाखवायचं, ती मान तिरकी करून डाव्या कानाने ऐकायची, आणि मग सांगायची की अमुक फाईल उघड, तमुक ओळीवर जा. मी वैतागून दोनदा उठले. तिने दोन्ही वेळा माझी खुर्ची परत ओढून ठेवली.

आणि आज दुपारी कमांड दिली आणि ओळी धावायला लागल्या. वर, वर, वर. पांढरी अक्षरं काळ्यावरून सरकत जात होती आणि थांबतच नव्हती. इस्त्री हातात तशीच धरून मी बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे. झोपेच्या अलीकडे असतं तसं काहीतरी वाटत होतं, आपण नाही, खोलीच हळूहळू खाली जातेय. मग ओळी थांबल्या. शेवटी पॅकेजचं नाव. गिऱ्हाइकाचा शर्ट थोडक्यात वाचला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

भांडारात थेट ठेवायचा हक्क माझ्यासारख्या नव्याला नाही. जुन्या माणसाने तपासून आपली सही करावी लागते. एकाने पत्राला उत्तर दिलंय. पुरुष की बाई, कुठल्या देशातले, काही माहीत नाही. सगळं रेघेवर लागतं त्यांना, म्हणून आम्ही नाव ठेवलंय काटकोन.

काटकोन विचारतात: स्वच्छ खोलीत बांधलंत का?

ताईने समजावलं. आपल्या मशीनवर वर्षानुवर्षांचं काय काय पडलेलं असतं. त्यातलं काहीतरी पॅकेज गुपचूप वापरतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून मशीनच्या आत एक रिकामी तात्पुरती खोली उभी करायची. तिच्यात फक्त मूळ सामान. आपण यादीत जे मागू तेवढंच आत येणार. तिथे बांधायचं. बांधून झालं की खोली पाडून टाकायची. पुढच्या वेळी पुन्हा नवी, पुन्हा कोरी. मला ही कल्पना इतकी आवडली की दिवसभर डोक्यातून जाईना. आपल्यालाही अशी एक खोली हवी. सकाळी आत जायचं, कालचं काही नाही.

१७ फेब्रुवारी

स्वच्छ खोलीत आपटलं. "तक्ता सापडत नाही." कसला तक्ता?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सापडला! आणि सापडला तो कुठे!

अक्षराला कुठले ठिपके, ते सांगणारा एक तक्ता लागतो. मूळ प्रोग्रॅमबरोबर आपल्या भाषेचा जो तक्ता येतो तो अर्धवट. आणि आमच्या मशीनवर, एका आडवळणाच्या फोल्डरमध्ये, एक पूर्ण तक्ता पडलेला. पॅकेज इतके दिवस तोच वापरत होतं. फाईलवर तारीख अकरा वर्षांपूर्वीची. मी ताईला विचारलं की हा कुणी ठेवला. पुन्हा विचारलं, मोठ्याने, डावीकडून.

ताईने केला होता. अकरा वर्षांपूर्वी छापलेल्या पुस्तकांत जोडाक्षरांचे ठिपके चुकायचे आणि वाचताना बोट अडखळायचं, म्हणून तिने महिनाभर बसून एक-एक अक्षर तपासलं, तक्ता लिहिला, घरच्या मशीनवर टाकला आणि ग्रंथालयातल्या मशीनवरही. पाठवला मात्र कुणालाच नाही. इतकी वर्षं ग्रंथालयातले चाळीस अंध वाचक तिच्या तक्त्यावर वाचतायत आणि कुणालाच माहीत नाही. मलाही नाही!

मी चिडले. खरंच चिडले. सांगायला काय झालं होतं? ती म्हणाली, कोण विचारणार होतं एका टेलिफोनवालीला. मग मला आणखी चीड आली, पण आता कुणावर ते कळेना. उठून तिच्यासाठी चहा टाकला.

२२ फेब्रुवारी, रविवार

काटकोन म्हणतात, तक्ता पॅकेजमध्ये घालता येईल. पण तो कुणाचा, कुठल्या सालचा, आणि तो वापरायला, बदलायला, वाटायला सगळ्यांना मोकळीक आहे, हे तिच्याकडून लेखी हवं. मी परवान्याची सबंध पानं तिला वाचून दाखवली. घसा बसला. आजकाल फार मोठ्याने वाचावं लागतं, शेजारच्या बाईंनासुद्धा आता परवाना पाठ झाला असेल.

ताई म्हणाली, "कुणीही बदलू दे. पण बदलणाऱ्याने आधी बोटाने वाचून बघावं म्हणावं."

हे वाक्य मी पत्रात जसंच्या तसं घातलं. हक्कांच्या फाईलमध्ये आता तिचं नाव आणि साल आहे. ती ओळ मशीनकडून तिने तीनदा वाचून घेतली. तिसऱ्यांदा मला वाटलं, ऐकू आलं नसेल म्हणून. पण नाही, तिला नुसतं ऐकायचं होतं.

२४ फेब्रुवारी

स्वच्छ खोलीत पास! जीव भांड्यात पडला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कसला भांड्यात! काटकोनांनी सतरा हरकती पाठवल्यात. वर्णनाची ओळ लांब आहे. मॅन्युअलचं पान जुनं आहे. चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, "काही दुरुस्त्या केल्या" असं लिहिलंय, कुठल्या ते नाही. कुठल्यातरी फाईलमध्ये ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा राहिलीय. रिकामी जागा! मला माझ्या पहिल्या मालकीणबाई आठवल्या, ज्या उलट बाजूची शिलाईसुद्धा उसवायला लावायच्या. तेव्हा शिव्या दिल्या, आता त्याच सवयीवर पोट भरतं. निमूटपणे बसले.

१ मार्च, रविवार

सतराच्या सतरा संपवल्या. काटकोनांनी सही केली आणि पॅकेज आज भांडाराच्या अंगणात गेलं. अंगण म्हणजे तपासणीची जागा. तिथे दहा दिवस राहायचं, कुणी मोठी खोट काढली नाही तर आपोआप आत. पंधरा मार्चला फ्रीझ, त्या दिवसानंतर दार बंद, नवं काही आत घेत नाहीत. म्हणजे अकराला आत. चार दिवस हातात राहतात. सुटलो!

आज खिडकीत नुसती बसून राहिले. रस्त्यावर सावल्या लांब होत होत्या. आमचं पुडकं कुठल्यातरी दूरच्या मशीनवर एकटं बसलं असेल, असं काहीतरी मनात येत होतं. त्याला थंडी वाजत असेल का, असंसुद्धा. वेडीच आहे मी.

२ मार्च

कर्म माझं! आकडा २.१ लिहायचा होता. मी लिहिला २१.

३ मार्च, मंगळवार

काल लिहवेना. आज लिहिते.

या लोकांच्यात आकडा फक्त पुढे जातो, मागे कधीच येत नाही. ज्या मशीनने एकदा २१ पाहिलं, तिला २.१ दाखवलं तर ती म्हणणार, हे जुनं आहे, नको मला. खोडता येत नाही, परत घेता येत नाही. उपाय एकच. आकड्याच्या आधी "१:" लावायचं, म्हणजे इथून मोजणी नव्याने. पण एकदा लावलेलं ते "१:" पुन्हा कधी काढता येत नाही. हे पॅकेज जिथे जाईल तिथे ती खूण कपाळावर. जाणकार माणूस बघताक्षणी ओळखणार की इथे कुणीतरी माती खाल्ली होती.

काटकोनांना लिहायला शरम वाटत होती. त्यांचं उत्तर लगेच आलं. "सही माझी आहे. मी आकडा वाचला नाही. चूक दोघांची. माझ्या स्वतःच्या तीन पॅकेजेसवर ही खूण आहे." एवढंच. मला तो माणूस, की ती बाई, एकदम आवडून गेलं.

ताईच्या कानाशी जाऊन सांगितलं. आधी तिला कळेना, मी दोनदा ओरडले. मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. ठिपक्यांचं पॅकेज आणि ठिपकाच गिळलास, ठमे! ती मला ठमी म्हणते, तिचा मूड चांगला असला की. मलाही हसू आलं.

नवा आकडा लावून आज पुन्हा पाठवलं. दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून. आता तेराला आत, पंधराला दार बंद. काठावर आहोत.

५ मार्च, गुरुवार

कानाच्या डॉक्टरांकडे. ताईच्या डोक्यावर हेडफोन चढवून काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेर. ती अगदी ताठ बसली होती, टेलिफोनच्या बोर्डवर बसायची तशी. बटण फार थोड्या वेळा दाबलं. डॉक्टर म्हणाले, डाव्याचं शेवटचं उरलंय, आता महिने मोजायचे नाहीत, आठवडे. मी रिक्षात रडले. तिने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, वारा. तिने मान हलवली.

९ मार्च, सोमवार

आणखी एक.

आपलं पॅकेज आठ प्रकारच्या मशीनवर बांधून बघतात. सात हिरवी. आठवीची रांग लांब असते, तिचा निकाल आज आला. लाल. ती मशीन म्हणे आकडे उलट्या टोकाकडून वाचते, त्यामुळे ताईचा तक्ता तिला सगळा उलटासुलटा दिसतो. दुरुस्त करून पुन्हा पाठवायचं, म्हणजे पुन्हा दहा दिवस. दार पंधराला बंद. गणित मला येतं. हात टेकले.

१० मार्च

ताईने सकाळी डोळे मिटून (तिला काय डोळे मिटायचे, पण मिटते) विचार केला आणि म्हणाली, आकडे आत घेतानाच सरळ करून घे, म्हणजे कुठलीही मशीन कशीही वाचो. चार ओळी. मी टाइप करत असताना तिचा हात माझ्या मनगटावर होता. स्वच्छ खोली उभी केली, बांधलं, पाडली. पास. काटकोनांनी तासाभरात सही केली.

११ मार्च, बुधवार

आठवीही हिरवी. आता फक्त दहा दिवसांचा प्रश्न. काटकोन म्हणतात, फ्रीझ सांभाळणाऱ्या मंडळींना पत्र लिहून सवलत मागता येते. क्वचित देतात. पत्र सांभाळणाऱ्यानेच लिहायचं. म्हणजे मी.

१२ मार्च

आज लिहिण्यासारखं काही नाही.

१३ मार्च, शुक्रवार

सवलतीचं पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्यात इतकी रडारड होती की काटकोनांनी परत पाठवलं. खरं तेवढंच लिहा, म्हणाले. काय बदललं, का बदललं, न घेतल्यास काय होईल.

शेवटी लिहिलं ते असं. बदल चार ओळींचा आहे, आठही मशीनवर बांधून पाहिलाय. आमच्या भाषेत ब्रेल छापणारं भांडारात दुसरं काही नाही. चाळीस वाचक याच्यावर अवलंबून आहेत. त्यांतली एक माझी बहीण, जिने याचा तक्ता केला. तिला दिसत नाही आणि ऐकूही येईनासं होतंय.

पाठवलं. ताईला वाचून दाखवलं. ती माझ्या शेजारी बसून दोऱ्यांची रिळं जाडीप्रमाणे लावत होती. झाल्यावर म्हणाली, बरंय.

१५ मार्च, रविवार

दार बंद. उत्तर नाही.

बारीक पाऊस आला आणि गेला. दिवसभर खोलीत एक मऊ, करडा उजेड होता, कापसातून आल्यासारखा. मी एक झगा उसवत बसले होते. टाका उसवला की दोरा सुटतो आणि कापडावर नुसती भोकांची रांग उरते. त्या रांगेवरून मी बोट फिरवलं. डोळे मिटून. काहीच वाचता येईना. ताई कसं वाचते, देवच जाणे.

ताईला म्हटलं, नाही आलं उत्तर. ती म्हणाली, येईल. तिचा चेहरा शांत होता. चहा थंड झाला होता तरी तिने आवडीने प्यायला.

१७ मार्च, मंगळवार

आलं! एकच ओळ. "सवलत दिली. पुढच्या वेळी लवकर या."

मी ओरडलेच. गिऱ्हाइकाच्या कपड्यातली पिन बोटात घुसली ते नंतर कळलं. पळत जाऊन ताईला मागून मिठी मारली. ती दचकली, मग माझे हात चाचपले आणि म्हणाली, "आलं ना?"

मग दोघी कितीतरी वेळ तशाच. मला सोडवेना.

२१ मार्च, शनिवार

आत. भांडारात शोधायची कमांड दिली आणि आमचं नाव आलं. कपाळावर "१:" घेऊन, पण आलं. काटकोनांना आभाराचं लांब पत्र लिहिलं. उत्तर: "चेंजलॉगमध्ये शेवटून तिसऱ्या ओळीत एक रिकामी जागा आहे. पुढच्या वेळी काढा. अभिनंदन."

२५ मार्च

गिऱ्हाइकं कमी. ताई खूप झोपते. मी तिच्या उशाशी बसून हातशिलाई करते. घर फार शांत झालंय.

१ एप्रिल, बुधवार

ग्रंथालयात दिवसभर. कॉम्प्युटरवाल्याने सगळी मशीनं नव्यावर नेली. आमच्या मशीनपाशी आला तेव्हा सवयीने म्हणाला, ते ब्रेलचं आता नाही हं, मावशी. मी म्हटलं, एकदा मागवून तर बघा. त्याने एक ओळ टाइप केली. पुडकं खाली आलं, उलगडलं, जागच्या जागी बसलं. चुटकीसरशी. दोन महिने!

अरे, आहे की, म्हणाला. मग माहिती उघडून वाचायला लागला. सांभाळणाऱ्याच्या नावापाशी थांबला. माझ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. मग उठून मला स्वतःची खुर्ची दिली. ते मला फार बरं वाटलं.

जाड कागद संपलेत. उद्या सकाळी येणार आहेत. पहिलं पान तुम्हीच छापा म्हणाला.

२ एप्रिल, गुरुवार

पहिलं पान छापलं. त्यावर एकच ओळ घातली होती: ताई, तुला ऐकू येणं कधी थांबलं?

मला माहीत होतं. या पानांपासूनसुद्धा लपवलं होतं. लिहिलं असतं तर खरं झालं असतं. तिला मी बोलत राहिले आणि ती अंदाजाने उत्तरं देत राहिली.

तिने बोट फिरवलं. बोट कुठेच अडखळलं नाही. शेवटपर्यंत गेली, परत सुरुवातीला आली, पुन्हा वाचलं.

"बारा मार्चला, सकाळी. तू घाबरून काहीतरी चुकवशील म्हणून नाही बोलले. आणि तुला कधी कळलं, ठमे?"

मी सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि टाइप करायला बसले.